चादर, आरसा आणि दिवा : प्रकाशाला वळण लावणाऱ्यांची कथा

परमुलखात सरकारी नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना अलीकडे एका नव्या दरबारात वरचेवर हजेरी लावावी लागते. राजधानीतील वरिष्ठ, निरनिराळ्या जिल्ह्यांतील अधिकारी आणि आपण, असे सारे एकाच पडद्यावर, आपापल्या चौकटीत बसून एकमेकांस दर्शन देतात. अशा बैठकीत एक गोष्ट हटकून आढळते. ज्या गृहस्थाने खिडकीकडे पाठ करून खुर्ची मांडलेली असते, त्याच्या मागचे आभाळ लखलखीत दिसते आणि तो स्वतः मात्र काळ्या सावलीसारखा बोलत राहतो. ज्याच्या नेमका डोक्यावर दिवा असतो, त्याच्या डोळ्यांच्या जागी दोन खळगे दिसू लागतात व चांगला हसतमुख माणूस आजाऱ्यासारखा भासतो. आणि एखादाच असा निघतो, की ज्याच्या एका बाजूस खिडकी आणि दुसऱ्या बाजूस चुन्याची पांढरी भिंत असते. त्याचा चेहरा प्रसन्न दिसतो. त्याने काहीच केलेले नसते. त्याची खोलीच शहाणी असते.

दिवा लावणे म्हणजे प्रकाशयोजना नव्हे, ही गोष्ट या लहानशा अनुभवातून ध्यानात येते. प्रकाश पुरेसा असणे निराळे आणि तो हवा तेथे, हवा तितका व हव्या त्या दिशेने पडणे निराळे. प्रकाशाला अडवावे लागते, परतवावे लागते, गाळून घ्यावे लागते. या विद्येचा आपल्या देशातील इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. त्या इतिहासात मराठी माणसांचा वाटा पुष्कळ असून, त्याचा आरंभ कोठल्याही यंत्राने झाला नाही, तर घरातल्या एका पांढऱ्या चादरीने झाला. ती कथा सांगण्याचा येथे विचार आहे.

सूर्याची ताबेदारी

चलच्चित्रांचा जन्म झाला तेव्हा त्यांचा एकमेव दिवा म्हणजे सूर्य. त्या काळची फिल्म इतकी मंद होती, की घरातल्या उजेडात तिच्यावर काही उमटणे कठीण. अमेरिकेत एडिसनच्या कारखान्याच्या आवारात, न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे, १८९३ साली चित्रणासाठी जी पहिली इमारत उभी राहिली, तिची रचना याच अडचणीतून ठरली. डांबरी कागदाने मढवलेली ती काळी खोली ‘ब्लॅक मरिया’ या नावाने ओळखली जाई. तिचे छप्पर उघडता येत असे, आणि सगळी खोली वर्तुळाकार रुळावर फिरवून सूर्याच्या दिशेने वळवता येत असे. सूर्य माणसाकडे वळत नाही म्हणून माणसाने घर सूर्याकडे वळवले! फ्रान्समध्ये मेलिए या जादूगाराने १८९७ साली मोंत्रेय येथे काचेच्या भिंती व काचेचे छत असलेला स्टुडिओ बांधला आणि ऊन बोथट करण्यासाठी त्याला सरकते पडदे लावले. एकाने ऊन मिळवण्याची युक्ती काढली, तर दुसऱ्याने मिळालेले ऊन सौम्य करण्याची. पुढील सगळी प्रकाशविद्या या दोन युक्त्यांचाच विस्तार होय.

मुंबईस चलच्चित्रे आली ती ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलातील ल्यूमिएर बंधूंच्या खेळाने. त्या नवलाने भारावून गेलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे छायाचित्रकार होते. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला व १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती चित्रित केली. पुढे रँग्लर परांजपे विलायतेहून परतले, तो स्वागतसोहळाही त्यांनी टिपला. कुस्ती काय किंवा मिरवणूक काय, दोन्ही गोष्टी उघड्यावर आणि भर उन्हात होणाऱ्या. तेथे प्रकाशाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तो उद्भवला कथा सांगायची वेळ आली तेव्हा. कारण कथेत राजवाडा असतो, स्मशान असते, रात्र असते. आणि कॅमेऱ्याजवळ मात्र दुपारचे ऊन तेवढे असते.

दादरची चादर

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय व बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग अशा नाना विद्या त्यांनी हाताळल्या होत्या. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून त्यांना जे वेड लागले, त्या वेडात दिवसरात्र चित्रे पाहण्याच्या व वाचनाच्या श्रमाने त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. प्रकाशाशी खेळ मांडू निघालेल्या माणसाला आरंभीच अंधाराची ओळख झाली, असे म्हणावे लागेल. दृष्टी सुधारल्यावर १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले, वॉल्टन येथील हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रनिर्मिती कशी चालते ते त्यांनी पाहिले, विल्यमसन कॅमेरा खरेदी केला आणि परत येऊन दादरच्या बंगल्यात ‘राजा हरिश्चंद्र’ची सिद्धता सुरू केली. ३ मे १९१३ रोजी तो चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला.

या चित्रपटाचे देखावे उभारले ते आवारात, डोक्यावर छप्पर न घालता. राजवाड्याच्या भिंती रंगवलेल्या कापडाच्या आणि त्यांवर आकाश मोकळे. त्या काळच्या मूकपटांत पुष्कळदा एक गंमत दिसते. देखावा अंतःपुराचा असतो आणि पडदे मात्र वाऱ्याने हलत असतात. ती वाऱ्याची झुळूक म्हणजे उघड्यावर चित्रण झाल्याची साक्ष होय.

परंतु मोकळे ऊन म्हणजे सोयीचे ऊन नव्हे. आपल्याकडील दुपारचा सूर्य माथ्यावर येतो. त्या उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या कपाळावर व नाकावर लख्ख उजेड पडतो, तर डोळे, ओठांखालची जागा व मान काळ्या सावलीत बुडते. त्यातच त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. निळे आकाश पांढरे उमटे, आणि लाल कुंकू काळे. अशा फिल्मवर गव्हाळ वर्णाचा चेहरा, तोही सावलीत, म्हणजे नुसता डाग. हा डाग पुसण्याचा उपाय एकच होता. जे ऊन जमिनीवर वाया जाते, ते खालून किंवा समोरून परतवून चेहऱ्यावर टाकावयाचे.

हे परतवण्याचे काम पांढऱ्या चादरीने होत असे आणि ती चादर धरून तासन् तास उन्हात उभ्या राहत सरस्वतीबाई फाळके, म्हणजे दादासाहेबांच्या पत्नी. त्यांच्याविषयीच्या आठवणींतून जे चित्र उभे राहते ते मनाला चटका लावणारे आहे. कंपनीतल्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे. फिल्मला छिद्रे पाडण्याचे व ती धुण्याचे काम त्या शिकल्या होत्या. भांडवल कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिनेही त्यांनी काढून दिले. आणि दिवसा, चित्रण चालू असताना, हातात चादर. कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग, कॅमेऱ्यापुढे तारामतीच्या वेषात अण्णा साळुंके, आणि चौकटीच्या अगदी काठावर, चित्रात न येता चित्राला उजेड पुरवणाऱ्या सरस्वतीबाई. तारामतीची भूमिका त्यांनीच करावी असे दादासाहेबांनी सुचवले होते. त्यांनी ती नाकारली. त्या पडद्यावर आल्या नाहीत. परंतु पडद्यावर जे दिसले ते दिसण्यात त्यांच्या हातांचा वाटा होता.

येथे थोडा शास्त्राचा विचार करावयास हवा. चादर दोन कामे करते. एक म्हणजे ती प्रकाशाची दिशा बदलते. दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे, म्हणजे ती प्रकाशाचा उगम मोठा करते. सूर्य आकाराने प्रचंड असला तरी इतक्या दूर आहे, की आपल्या दृष्टीने तो एक लहानसा ठिपकाच. म्हणून त्याच्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या रेखीव पडतात. चादरीवरून परतलेला उजेड मात्र चादरीच्या अंगभर पसरून येतो, आणि त्याच्या सावल्या विरघळलेल्या असतात. लहान उगम म्हणजे कठोर प्रकाश, मोठा उगम म्हणजे मृदू प्रकाश. उगम दुप्पट लांब नेला तर, तो लहान असेल तेव्हा, उजेड चौथाई उरतो. या दोन नियमांवर आजही जगातील प्रत्येक स्टुडिओ चालतो. सरस्वतीबाईंनी हे नियम पुस्तकात वाचले नसतील. पण चादर एक पाऊल पुढे नेली की चेहरा उजळतो, कोन चुकला की विझतो, हे त्यांच्या हातांना कळले असलेच पाहिजे. हाताला कळलेली विद्या ही विद्याच होय.

कोल्हापूरचे दिवे

सूर्याची ताबेदारी झुगारण्याचा मराठी प्रयत्न कोल्हापुरात झाला. बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर हे मुळात चित्रकार. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणाऱ्या या कलावंताने दामले यांच्या साह्याने स्वतःच कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. पडदे रंगवण्यात उभा जन्म गेलेल्या या माणसानेच पुढे रंगवलेले पडदे टाकून खरे, घनाकार देखावे उभे करण्याचा आग्रह धरला, हे विशेष आहे. त्याचे कारण प्रकाशात आहे. रंगवलेल्या पडद्यावर सावलीही रंगवलेलीच असते. तिला दिव्याची गरज नसते, आणि खरा दिवा लावला तर तिचे ढोंग उघडे पडते. खांब खरा असेल तरच त्याची सावली खरी पडते. चित्रकाराला हे सांगावे लागत नाही.

हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेला त्यांचा ‘सिंहगड’ १९२३ सालचा. कृत्रिम प्रकाशाचा वापर करणाऱ्या आरंभीच्या भारतीय चित्रपटांत त्याची गणना होते. तानाजीची चढाई रात्रीची. ती दुपारच्या उन्हात दाखवणे त्या चित्रकाराच्या मनाला पटणारे नव्हते. त्या काळचे दिवे म्हणजे कार्बनचे आर्क. दोन कांड्यांच्या टोकांमध्ये विजेची ठिणगी अखंड जळत ठेवावयाची, आणि कांड्या झिजतील तशा त्या एकमेकींजवळ सरकवत राहावयाचे. त्यांचा प्रकाश निळसर व प्रखर असल्याने तांबड्याला आंधळी असलेली फिल्म त्याला उत्तम दाद देई. परंतु या दिव्यांतून निघणाऱ्या अदृश्य किरणांनी नटांचे डोळे सुजत, लाल होत, दिवसेंदिवस उघडत नसत. पाश्चात्य स्टुडिओंत या व्याधीला दिव्याच्याच नावावरून नाव पडले होते. उजेड पुरवणाऱ्याला त्याची किंमत डोळ्यांनी मोजावी लागावी, हा दैवदुर्विलास या कथेत वारंवार येतो.

याच कंपनीत तयार झालेले शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर हे कुलकर्णी यांच्यासह १९२९ साली वेगळे झाले व त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ साली ती पुण्यास आली. पुढे १९६० साली प्रभातच्या त्याच जागेत सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली. म्हणजे बाबूराव पेंटरांच्या शिष्यांनी ज्या जागेत दिवे लावले, त्याच जागेत पुढच्या पिढ्या दिवे लावण्याचे रीतसर शिक्षण घेऊ लागल्या. परंपरा म्हणतात ती हीच.

आवाजाने बदललेला उजेड

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रकाशित झाला आणि चित्रपट बोलू लागला. आवाजाच्या आगमनाने प्रकाशातही क्रांती झाली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. ‘आलम आरा’च्या स्टुडिओजवळून आगगाड्या जात. त्यांच्या खडखडाटामुळे दिवसा ध्वनिमुद्रण अशक्य. म्हणून पुष्कळसे चित्रण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर करावे लागे. सूर्य हा दिवा कायमचा हातचा गेला. जो उजेड आजवर आभाळातून फुकट मिळत होता, तो आता पैसे मोजून विकत घ्यावा लागला.

त्यातही आर्कचे दिवे गुणगुणत, चरचरत. ती गुणगुण ध्वनियंत्र टिपून घेई. साहजिकच तारेच्या दिव्यांकडे वळावे लागले. तारेच्या दिव्याचा प्रकाश तांबूस, पिवळसर; म्हणून तांबडा रंगही ओळखणारी नवी फिल्म आवश्यक झाली. अशा रीतीने एका आगगाडीच्या शिटीपासून निघालेला धागा फिल्मच्या रसायनापर्यंत पोचला. इतिहासात कारणांची साखळी ही अशीच अनपेक्षित कड्यांची बनलेली असते.

मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये १९३४ पासून या दिव्यांची शिस्त बसवली ती योझेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराने. विर्शिंग प्रथम भारतात आले ते १९२५ साली, ‘प्रेम संन्यास’ या बुद्धचरित्रावरील मूकपटासाठी. तो चित्रपट स्टुडिओ, कृत्रिम दिवे व रंगभूषा यांच्या साह्याविना तयार केल्याचे अभिमानाने सांगितले जाई. दहा वर्षांनी तेच गृहस्थ बंद स्टुडिओत देविकाराणींच्या चेहऱ्यावर दिव्यांची नक्षी काढीत होते. मुख्य दिवा एका बाजूने, त्याच्या सावल्या सौम्य करणारा पूरक दिवा दुसऱ्या बाजूने आणि केसांना व खांद्यांना सोनेरी कड देऊन माणसाला भिंतीपासून सोडवणारा मागचा दिवा, अशी ही त्रिकूट-रचना. तिचे नियम बाळबोध आहेत, पण त्यांतून अनंत भाव उभे करता येतात. पूरक दिवा मंद केला की गूढता, वाढवला की प्रसन्नता. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून विर्शिंग नजरकैदेत पडले. सुटल्यावर ते येथेच राहिले. १९४९ सालच्या ‘महल’मधील सावल्यांचे धनी तेच. १९६७ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘पाकीजा’ अपुरा होता.

काशीचा चौक, कलकत्त्यात

त्रिकूट-रचनेचे राज्य दोन दशके अबाधित चालले. त्याला पहिला मोठा धक्का दिला तो कलकत्त्याच्या एका तरुणाने. सुब्रत मित्र यांनी १९५२ साली सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चे चित्रण सुरू केले तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. चित्रपटाचा कॅमेरा त्यांनी पूर्वी कधी चालवला नव्हता. झाँ रन्वार हे फ्रेंच दिग्दर्शक ‘द रिव्हर’च्या चित्रणासाठी बंगालमध्ये आले असता मित्र तेथे जाऊन नुसते पाहत बसत, टिपणे काढीत, छायाचित्रे घेत. एवढीच त्यांची शाळा.

‘अपराजित’ (१९५६) या दुसऱ्या चित्रपटात काशीतील एका घराचा चौक महत्त्वाचा होता. उत्तर प्रदेशात नोकरी केलेल्या वाचकांना अशी घरे ठाऊक असतील. काशीच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडील मराठी वस्तीत, किंवा पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांतही, तसाच चौक असतो. चारी बाजूंनी उंच भिंती आणि वर आभाळाचा चौकोन. तेथे ऊन थेट उतरत नाही. उतरतो तो आभाळाचा उजेड. त्या उजेडाला दिशा नसते, त्याची सावली जवळजवळ पडत नाही, आणि तरीही तो सपाट वाटत नाही. पावसाळ्याची अडचण येऊ नये म्हणून हे घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावे असे राय व कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांचे मत पडले. मित्रांनी विरोध केला. आभाळाचा उजेड दिव्यांनी निर्माण करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे कोणी ऐकले नाही. घर स्टुडिओतच बांधले गेले.

वरिष्ठांनी आपला अभिप्राय डावलल्यावर काम कसे करावे, हा प्रश्न आपणा नोकरदारांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मित्रांनी त्याचे जे उत्तर दिले ते मोठे सुंदर आहे. त्यांनी चौकाच्या माथ्यावर, जेथे आभाळ असावयाचे तेथे, रंगाऱ्यांचे पांढरे कापड ताणून बसवले. आणि सगळे दिवे नटांकडे न रोखता खालून त्या कापडावर रोखले. कापडावरून परतलेला उजेड चौकात उतरला, तो आभाळाच्या उजेडासारखाच. चित्रपट पाहणाऱ्यांना ते घर काशीतच आहे असे वाटले. ‘अपराजित’ला १९५७ साली व्हेनिसचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. युरोपातील नामांकित छायाचित्रकार परावर्तित प्रकाशाच्या याच मार्गाने काही वर्षांनी जाऊ लागले, तेव्हा टॉलीगंजच्या स्टुडिओत हे आधीच घडले आहे याची बहुतेकांना वार्ताही नव्हती.

दादरची चादर आणि कलकत्त्याचे कापड यांमध्ये चव्वेचाळीस वर्षांचे अंतर आहे. परंतु तत्त्व एकच. एकीने सूर्याला परतवले, दुसऱ्याने दिव्याला. दोन्हीकडे साधन गरिबीचे आणि दृष्टी श्रीमंत.

स्टुडिओत आणलेले ऊन

मुंबईत याच सुमारास याच्या अगदी उलट प्रश्न एकाला पडला होता. गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ (१९५९) या भारतातील पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटात, रिकाम्या स्टुडिओत दोन व्याकूळ जीव समोरासमोर उभे आहेत आणि वरून उन्हाचा एक झोत तिरपा उतरतो आहे, असे दृश्य घ्यावयाचे होते. छायाचित्रकार होते म्हैसूरचे व्ही. के. मूर्ती. दिव्याचा झोत उगमापाशी अरुंद असतो व पुढे फाकत जातो. सूर्याचे किरण मात्र समांतर येतात. हा फरक सामान्य प्रेक्षकाला सांगता येणार नाही, पण जाणवतो. तेव्हा मूर्तींनी दिवा बाजूस ठेवून खरे ऊनच आत आणले. एक मोठा आरसा बाहेर उन्हात, दुसरा आत छताखालच्या माळ्यावर. बाहेरच्या आरशाने ऊन आतल्या आरशावर टाकावयाचे व त्याने ते खाली जमिनीवर. सूर्य सारखा सरकत असतो, त्यामुळे आरसाही सारखा वळवीत राहणे भाग. त्या झोताने हिंदी चित्रपटाच्या इतिहासात जी जागा मिळवली ती आजही ढळलेली नाही.

चादर मृदू करते, आरसा कठोर ठेवतो. मित्रांना सावली नको होती, मूर्तींना झोत हवा होता. दोघांनीही हाताशी असलेला सुलभ दिवा थेट वापरण्याचे नाकारले, म्हणून दोघांचे काम टिकले.

दूरचित्रवाणीची अडचण

ज्या वर्षी तो झोत पडद्यावर आला त्याच वर्षी, १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रायोगिक आरंभ झाला. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. व्हिडिओच्या या नव्या माध्यमाने प्रकाशविद्येची पुन्हा पहिल्यापासून परीक्षा घेतली. नळीच्या कॅमेऱ्याला फिल्मइतका उजेड-अंधाराचा पल्ला पेलत नसे. सावली जरा गडद झाली की त्यातले सारे बुडून जाई. उजेड जरा चढला की पांढरी शुभ्र खादी भगभगू लागे. एखादा प्रखर दिवा चौकटीत हलला तर त्याच्यामागे धूमकेतूसारखे शेपूट उमटे. त्यातच तेथे दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालत. फिल्ममध्ये प्रत्येक तुकड्यासाठी दिवे हलवता येतात; येथे एका कॅमेऱ्याचा मागचा दिवा दुसऱ्याचा समोरचा दिवा ठरे. परिणामी छताला दिव्यांची जाळी टांगून सगळीकडे सारखा उजेड पाडण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या पिढीला आठवणारी ती जुनी, सपाट, सावलीविरहित चित्रे हा केवळ कल्पनादारिद्र्याचा परिणाम नव्हता. यंत्राच्या मर्यादेशी केलेला तो तह होता.

१९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंग आले आणि नवा पेच पडला. तारेचा दिवा सुमारे ३२०० केल्विनचा, म्हणजे तांबूस. दिवसाचा उजेड सुमारे ५६०० केल्विनचा, म्हणजे निळसर. माणसाचा डोळा दोन्हींना पांढरेच मानतो, कॅमेरा मानीत नाही. खिडकीचा उजेड व दिवा एकत्र आले की अर्धा चेहरा निळा व अर्धा नारिंगी. तेव्हा खिडकीला नारिंगी किंवा दिव्याला निळा पारदर्शक कागद लावून दोघांचे मीलन घडवावे लागे. आता दिवे थंड झाले आहेत, त्यांचा रंग हवा तसा फिरवता येतो, आणि खिशातला फोनही अंधारात पाहू शकतो. पण प्रकाशाची दिशा व उगमाचा आकार या दोन गोष्टी कोठलेही यंत्र आपणहून सुधारीत नाही. चित्रणाच्या जागी आजही थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून एक मुलगा उभा असतो. तो तक्ता म्हणजे दादरच्या चादरीचाच वंशज.

दिव्याखालचा अंधार

आपल्याकडे दिव्याखाली अंधार अशी म्हण आहे. या इतिहासाला ती अक्षरशः लागू पडते. दादासाहेबांच्या नावाने भारत सरकारने १९६९ साली चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. पहिला मान देविकाराणींना मिळाला आणि तो योग्यच होता. परंतु हा पुरस्कार छायाचित्रकाराला प्रथम मिळाला तो २००८ सालासाठी, व्ही. के. मूर्तींना. म्हणजे ज्यांच्या कामावाचून चित्रपट दिसलाच नसता, त्यांच्यापैकी पहिल्याचे नाव उच्चारावयास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. सुब्रत मित्र २००१ सालीच निवर्तले होते; त्यांच्यापर्यंत तो कधी पोचला नाही. मग आर्कच्या कांड्या सरकवणारे, माळ्यावर बसून आरसा वळवणारे, तक्ता धरणारे यांची नावे कोण विचारतो? आपल्या मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत. चित्रेच जेथे नष्ट झाली तेथे त्यांच्या काठावर उभ्या असलेल्यांची आठवण ती काय राहणार?

सरस्वतीबाईंची आठवण राहिली, ती त्या दादासाहेबांच्या पत्नी होत्या म्हणून. एरवी चादर धरणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवीत नाही. परमुलखात राहून, फायलींच्या काठावर टिपणे लिहून, दुसऱ्याच्या सहीला उजेड पुरवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट अधिक जवळची वाटली तर नवल नाही. मात्र त्यात खंत करण्याजोगे जितके आहे, तितकेच अभिमान बाळगण्याजोगेही आहे. उजेडाचा उगम होणे थोड्यांच्या नशिबी असते. आलेला उजेड योग्य जागी वळवणे पुष्कळांना साधण्याजोगे आहे, आणि चेहरा उजळतो तो बहुधा त्यानेच.

तेव्हा पुढच्या वेळी पडद्यावरच्या दरबारात हजर होताना खुर्ची फिरवून खिडकी एका बाजूस घ्यावी. डोक्यावरचा दिवा मालवावा. आणि दुसऱ्या बाजूस एखादी पांढरी चादर टांगावी. चेहरा उजळेल. तो उजळला म्हणजे, बैठक सुरू होण्यापूर्वी, दादरच्या उन्हात हात न हलवता उभ्या असलेल्या त्या माउलीचे क्षणभर स्मरण करावे.